रंध्याची कुळकथा

ज्ञातीच्या इतिहासावर लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहसा वंशावळीकडे वळते. विश्वकर्म्याचे पाच पुत्र, त्यांच्यापासून लोहार, सुतार, तांबट, पाथरवट व सोनार या पाच शाखा, मग गोत्रे, कुलदैवते आणि मूळ गावे. हे सर्व आवश्यक आहे, आणि आमच्याहून अधिकारी लेखकांनी ते लिहिलेही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एक निराळी वंशावळ मांडू इच्छितो. ज्या हत्याराच्या आधारावर आपल्या कित्येक पिढ्यांनी मुंबईत आणि मुंबईच्या उपनगरांत प्रपंच केला, त्या रंध्याची ही वंशावळ आहे. तिच्यात हातरंध्यापेक्षा यंत्ररंध्याचा विचार अधिक केला आहे. आणि यंत्र जेव्हा फळी ओरबाडते, टोकाशी खड्डा पाडते, लाटा उठवते किंवा माणसाचे बोट घेऊन जाते, तेव्हा दोष नेमका कोठे असतो, हे शक्य तितके स्पष्ट सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

असे लिहिण्यास कारण आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील आपल्या अनेक घरांत आज आजोबांच्या पेटीत लाकडी रंधा पडून आहे आणि नातवाच्या कारखान्यात विजेवरचे यंत्र फिरते आहे. हत्यार पुढच्या पिढीकडे गेले; परंतु हत्यारासोबत जे ज्ञान जावयास हवे होते, ते वाटेत बरेचसे गळाले. यंत्र बिघडले की कारागिराला बोलावणे जाते. वस्तुतः दहापैकी आठ वेळा यंत्रात काही मोडलेले नसते. आजोबा असते तर त्यांनी फळी डोळ्यांसमोर आडवी धरून कारण सांगितले असते.

गावच्या बलुतेदार सुताराचे मुख्य हत्यार वाकस. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडीचे चाक ही कामे वाकस, करवत, किकरे आणि पटाशी यांवर भागत असत. कुणब्याला नांगराचा गुळगुळीतपणा नको होता, तो चालावयास हवा होता. रंध्याचे खरे महत्त्व बंदरात आणि शहरात वाढले, कारण तेथे फळीला फळी भिडवावी लागे. दोन कडा जुळल्या नाहीत तर दारातून वारा येतो, आणि जहाजात पाणी येते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधली गेलेली सागवानी जहाजे हा या कामाचा सर्वोच्च नमुना होय. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या कारकिर्दीत १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. त्याचे लाकूड मलबारचे, आणि काम मुंबईच्या कारागिरांच्या हातचे.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या इंग्रजी आरमाराकरिता मुंबईत ही जहाजे बांधली जात होती, त्याच आरमाराच्या कामांवर १७९६ पासून सॅम्युएल बेंथम हा मुख्य निरीक्षक होता. आणि लाकूड रंधण्याच्या यंत्राचे पहिले महत्त्वाचे पेटंट १७९१ साली याच गृहस्थाने घेतले होते. त्याच्या पहिल्या यंत्रात हातरंध्याचीच नक्कल होती: मोठा रंधा पुढेमागे सरकवावयाचा, एवढेच. १७९३ च्या पेटंटात त्याने फिरत्या पात्यांची कल्पना मांडली. पुढे पोर्ट्‌स्मथच्या गोदीत बेंथमच्या पुढाकाराने आणि मार्क ब्रुनेलच्या योजनेने जहाजांच्या कप्प्या यंत्रांवर बनू लागल्या. म्हणजे एकाच आरमाराच्या एका गोदीत लाकूड यंत्राखाली जात होते, त्याच काळात दुसऱ्या गोदीत ते हातांनी तासले जात होते. आणि हातांनी बांधलेले ते जहाज दोनशे वर्षांनंतरही उभे आहे. यावरून यंत्र निकृष्ट असे अनुमान कोणी काढू नये. यंत्राने जे साधावयाचे ते हाताने आधीच साधलेले होते, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

फिरत्या पात्यांचा रूळ आणि फळी पुढे ओढणारे रूळ यांची जोड अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने बसवली. त्याचे पेटंट १८२८ सालचे. वुडवर्थचे वारस व हक्कदार यांनी त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवून घेतली, आणि १८५६ पर्यंत तेथील गिरणीवाल्यांना त्यांच्यापुढे हात जोडावे लागले. पेटंट संपताच यंत्रे स्वस्त झाली व जगभर गेली. आपल्याकडे अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर उपयोगात आली ती मुख्यत्वे रेल्वेच्या कारखान्यांत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी घाटकोपर व मुलुंडच्या शिवारातून गेली. १८६७ साली विरारहून बॅकबेकडे जाणारी गाडी बोरिवली व अंधेरी येथे थांबू लागली. डब्यांचे सांगाडे तेव्हा लाकडी असत. परळ आणि १९१५ पासून माटुंगा येथील कारखान्यांनी कोकणातून आलेल्या कित्येक सुतारांना सामावून घेतले. गावाकडे ज्याने आयुष्यभर वाकस चालवला, त्याला येथे फुटपट्टी, गुण्या आणि ठरावीक माप यांच्या शिस्तीत काम करावे लागले. ही शिस्त आपल्या ज्ञातीला रेल्वेने दिली, हे मान्य केले पाहिजे. १९५५ साली पेरांबूरचा कारखाना सुरू होऊन पोलादी डबे बनू लागले, आणि लाकडी डब्यांचे युग हळूहळू आटोपले.

उपनगरात यंत्र आले ते विजेच्या मागोमाग. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली, आणि वाफेचे इंजिन न बाळगताही एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटर बसवणे शक्य झाले. घाटकोपर व अंधेरी हे भाग १९५० साली, आणि मुलुंड व बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत आले. वस्ती वाढली, इमारती उठल्या, आणि प्रत्येक इमारतीला दारे व खिडक्या लागल्या. रे रोडच्या लाकडी बंदरावरून साग येई, आणि उपनगरातल्या गल्लीत तो रंधला जाई. अंधेरीच्या चित्रपट-स्टुडिओंनीही पुष्कळ सुतार पोसले. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओतच उभा राहिला होता. मात्र सेटच्या सुताराला सपाटीचा ध्यास नसतो. कॅमेऱ्याला दिसते तेवढी बाजू चांगली असली म्हणजे झाले. त्या कामात हात वेगवान होतो, परंतु डोळा आळशी होतो, असे आमचे मत आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. आपल्या कारखान्यांतून दोन यंत्रे असतात. एकाला सर्वजण ‘रंधा मशीन’ म्हणतात. त्यात दोन लोखंडी टेबले आणि त्यांच्यामध्ये फिरणारा पात्यांचा रूळ असतो. फळी हाताने ढकलावयाची. दुसरे ‘थिकनेसर’. त्यात फळी खालून जाते, वर पाती फिरतात, आणि ओढणारे रूळ तिला आपोआप पुढे नेतात. पहिले यंत्र फळी सपाट करते, दुसरे तिला सारखी जाडी देते. या दोन वाक्यांत अर्ध्या तक्रारींचे उत्तर आहे. पीळ पडलेली फळी थेट थिकनेसरमध्ये घालतात आणि ती पिळलेलीच बाहेर आली की यंत्राला नावे ठेवतात. थिकनेसरचे रूळ फळीला दाबून तात्पुरती सपाट करतात, पाते तिला त्या अवस्थेत सोलते, आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाते. जाडी सारखी, पण पीळ कायम. जुने सुतार फळीच्या दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, एक डोळा मिटून, त्यांच्या कडा जुळतात की नाही ते पाहत. पीळ असेल तर उंच कोपरे आधी उतरवत. तेच काम आता रंधा मशीनवर करावयाचे, एक बाजू व एक कड सरळ करून घ्यावयाची, आणि मगच थिकनेसरकडे जावयाचे. क्रम चुकला की पुढचे सर्व काम चुकते.

रंधा मशीनचा सर्वांत सूक्ष्म दोष टेबलांच्या उंचीत असतो. अलीकडचे टेबल जितके खाली, तितका जाड पापुद्रा निघतो. हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पलीकडचे टेबल पात्यांच्या सर्वोच्च बिंदूशी अगदी बरोबरीत हवे, याकडे दुर्लक्ष होते. ते किंचित खाली असेल तर फळीचे शेवटचे टोक अलीकडच्या टेबलावरून सुटताच खाली टेकते आणि तेथे चार बोटे लांबीचा खड्डा पडतो. ते उंच असेल तर फळीचे पुढचे टोक टेबलाच्या ओठावर अडते, किंवा वर चढून कापणे हळूहळू बारीक होत जाते. परीक्षा सोपी आहे. वीज पूर्ण तोडून, पलीकडच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी पात्यांवर येईल अशी ठेवावी आणि रूळ हाताने, पात्यांना बोट न लावता, फिरवावा. पाते पट्टीला जेमतेम स्पर्श करून तिला दोन-तीन मिलिमीटर पुढे नेते. प्रत्येक पात्याने, आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांनी, तिला सारखेच अंतर नेले पाहिजे. एक पाते अधिक ओढत असेल तर ते इतरांपेक्षा वर आहे.

ही विषमता राहिली तर काय होते, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. रूळ मिनिटाला ४,००० फेरे घेतो आणि त्यात तीन पाती आहेत, असे धरू. मिनिटाला १२,००० घाव पडतील. फळी मिनिटाला सहा मीटर पुढे सरकत असेल तर दोन घावांतले अंतर अर्धा मिलिमीटर येईल, आणि ते डोळ्यांस दिसणार नाही. पण एकच पाते वर राहून एकट्यानेच कापू लागले, तर अंतर दीड मिलिमीटर होते. पॉलिश चढताच लाटा उघड दिसतात. गिऱ्हाईक म्हणते लाकूड वाईट, सुतार म्हणतो यंत्र वाईट, आणि दोष केवळ केसाएवढ्या उंचीचा असतो. फळी फार जोराने ढकलल्यानेही हेच घडते, म्हणून आधी वेग कमी करून पाहावा.

दोन फळ्या कडेला कड लावून जोडताना मधोमध अथवा दोन्ही टोकांशी उजेड दिसत असेल, तर टेबले एकमेकांस समांतर नाहीत असे समजावे. हे दुरुस्त करण्याचे काम चिकाटीचे आहे. टेबलाखालच्या उतरत्या पट्ट्या घट्ट करून, आवश्यक तेथे पातळ पत्रा घालून ते करतात. घाईने क्लॅम्प आवळून फट मिटवणे हा उपाय नव्हे. सरस वाळतो, लाकूड आपला हट्ट सोडत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत सांधा उघडतो.

फळीवर एक सरळ उंच रेघ उठत असेल तर पात्याला दात पडला आहे. मुंबईत याचे कारण बहुधा जुना साग. चाळी व जुने बंगले पाडले की त्यांच्या तुळया आणि वासे बाजारात येतात. तसे लाकूड आज नवे मिळत नाही, म्हणून आपण ते आवडीने घेतो. परंतु त्याच्या पोटात शंभर वर्षांपूर्वीचे मोडके खिळे असतात. यंत्राखाली घालण्यापूर्वी लोहचुंबक फिरवावा, काळे डाग पडले असतील तेथे पटाशीने उकरून पाहावे. दात पडलाच, तर तात्पुरता उपाय असा की एक पाते बाजूला मिलिमीटरभर सरकवावे. मग एकाचा दात दुसऱ्याच्या धारेसमोर येतो आणि रेघ नाहीशी होते. सागाच्या लाकडात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे खिळा नसतानाही धार लवकर बोथट होते, हेही लक्षात असावे. बोथट पाते फळीला कापत नाही, ठोकते. आवाज बदलतो, लाकूड तापते, आणि थिकनेसर फळी ओढेनासा होतो. तेथे टेबलावर मेण चोळले की काम चालते, आणि पावसाळ्यात गंजही धरत नाही. तेल मात्र लावू नये. ते लाकडात उतरते व पॉलिश बसू देत नाही.

थिकनेसरमध्ये टोकाशी पडणाऱ्या खड्ड्याचे कारण निराळे. फळी आरंभी व शेवटी एकाच रुळाच्या पकडीत असते, त्यामुळे ती झुकते. लांब फळीला दोन्ही बाजूंनी हाताचा आधार देणे, एकीच्या मागे एक फळी लागोपाठ सोडणे, किंवा मुळातच चार इंच लांबी अधिक ठेवणे, हे उपाय आहेत. तिसरा उपाय खर्चाचा, पण खात्रीचा.

नसेचा प्रश्न मात्र पट्टी आणि पाना यांनी सुटत नाही. लाकडाची नस ज्या दिशेने वर येते, तिच्या उलट पाते गेले की धागे मुळापासून उपटतात आणि फळीला खळगे पडतात. हातरंधा चालवताना हे मनगटाला पहिल्याच फटक्यात कळत असे: रंधा अडखळे, आवाज खरखरीत होई, आणि सुतार न बोलता फळी फिरवून घेई. यंत्राच्या गडगडाटात तो आवाज ऐकू येत नाही. म्हणून फळी आत घालण्यापूर्वी तिची कड पाहावी. कडेवरच्या रेषा ज्या बाजूला चढत जातात, ते टोक मागे राहील अशी फळी घालावी, म्हणजे पाते नसेला कुरवाळत जाते. नस दोन्हीकडे वळत असेल, गाठीभोवती गुंतली असेल, तर पापुद्रा अगदी पातळ घ्यावा, फळी सावकाश न्यावी, आणि शेवटचा हात हातरंध्याचाच मारावा. जुना कारागीर तेव्हा रंध्याचे तोंड बारीक करी. हे शिकवण्यास आजोबांची पेटी पुरेशी आहे. एक रविवार आणि एक वाकड्या नसेची फळी हवी.

पावसाळ्याची तक्रार दरवर्षीची. आषाढ-श्रावणात रंधलेल्या फळ्यांची खणपेटी मार्गशीर्षात सैल होते, आणि चैत्रात घट्ट बसवलेला खण पावसात अडकतो. हा दोष यंत्राचा नाही. लाकूड हवेतील ओल घेते व सोडते, आणि ते रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. लाकूड रंधण्यापूर्वी जेथे वापरावयाचे तेथे काही आठवडे रचून ठेवणे, आणि एकाच बाजूने बरेचसे न सोलता दोन्ही बाजूंनी सारखे सोलणे, हे पथ्य आहे.

विजेचे दोन बिघाड असे आहेत की ते सुताराला आपलेच वाटतात. तीन फेजच्या मोटरला दुरुस्तीनंतर दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर रूळ उलटा फिरतो. पाते कापण्याऐवजी पाठीने घासते आणि फळीवर चकाकी येते. कोणी धार लावावयास धावतो. वास्तविक, दोन तारांची अदलाबदल एवढाच उपाय, आणि तोही वायरमनकडून करून घ्यावयाचा. तीनपैकी एक फेज गेली तर मोटर गुणगुणते, चालू होत नाही, आणि तशीच ठेवली तर जळते. ताबडतोब बंद करावी.

सर्वांत कठीण भाग शेवटी घेतो. यंत्ररंध्याचा इतिहास बोटांच्या हिशेबाशिवाय पुरा होत नाही. आरंभीच्या यंत्रांत पाती चौकोनी लोखंडी ठोकळ्यावर बसवलेली असत. चौकोनाच्या कोपऱ्यांमुळे टेबलांमधील फट रुंद राही, आणि हात घसरला तर तो आत ओढला जाई. बोटे नव्हे, पंजा जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल रूळ आला, आणि ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने ढकलण्याच्या यंत्रात तो सक्तीचा केला. आपल्याकडे फॅक्टरी कायदा १९४८ साली झाला. त्याखालच्या १९६३ च्या महाराष्ट्राच्या नियमांत गोल रूळ आणि फटीची पूर्ण लांबी-रुंदी झाकणारा पुलासारखा आडोसा या दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. परंतु कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असतील तरच ती फॅक्टरी. आपली शेड बाप, दोन मुलगे आणि एक मदतनीस यांची. तिच्याकडे तपासनीस कधी फिरकलाच नाही. आडोसा काम अडवतो म्हणून काढला गेला, माळ्यावर गेला, भंगारात गेला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांकडे पाहिले असता त्याचा परिणाम सांगावा लागत नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. फ्लॅटमधील कामावर मोठे यंत्र नेता येत नाही, म्हणून हातातला विजेचा छोटा रंधा उलटा करून फळकुटावर आवळतात आणि त्याच्यावर लाकूड फिरवतात. त्याला टेबल नाही, आडोसा नाही, आणि चालूचा खटका दाबूनच ठेवलेला असतो. हा रंधा हातात धरण्यासाठी बनवलेला आहे. हात त्याच्या मुठीवर असतात तोवरच ते पात्यापासून दूर राहतात. उलटा केल्यावर हातांचे स्थान नेमके पात्यावर येते. कित्येक तरुण याला युक्ती समजतात. आम्ही तिला युक्ती म्हणावयास तयार नाही.

वीतभर अथवा त्याहून थोडा मोठा तुकडा रंधा मशीनवर घेऊच नये. फूटभर लांबी हा किमान नियम असावा. हातमोजे घालू नयेत, ते पात्यात अडकून हात ओढतात. पातळ फळी तळव्याने न दाबता ठोकळ्याने ढकलावी. हा ठोकळा विकत आणण्याची वस्तू नव्हे. हातभर लांबीचा, चार बोटे रुंदीचा सागाचा तुकडा घ्यावा, वर जुन्या रंध्याला असते तशी मूठ बसवावी, आणि खालच्या बाजूला मागच्या टोकाशी आडवी पातळ पट्टी मारावी, म्हणजे ती फळीच्या टोकाला धरून पुढे नेते. पट्टीला खिळे मारू नयेत, सरसाने चिकटवावी. झिजली की काढून नवी लावता येते, आणि कधी पात्याखाली गेलीच तर लाकडाला लाकूड लागते.